येसकराची नातवंडे आणि नेटवर्किंगची परीक्षा

या गावचा निरोप त्या गावी पोहोचवणे हे महारकीच्या काळात आपल्या आजा-पणजांचे काम होते. मयताची खबर असो की सरकारी कागद, हाक आली की ऊनपाऊस न पाहता निघायचे. मोबदला काय, तर शिळी भाकर आणि वर उपकाराची भाषा! या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला.

आज जगाचा निरोप तारांतून आणि राउटरमधून जातो. ते जाळे उभारणाऱ्याला पगार मिळतो, मान मिळतो. पनवेलला २०२० साली योट्टाचे मोठे डेटा सेंटर सुरू झाले. ऐरोली-महापे पट्ट्यात आणखी आहेत. रोह्याहून पेणमार्गे पनवेलला रेल्वे जाते. मग त्या इमारतींत आपली मुले पहारेकरी आणि सफाई कामगार म्हणूनच जाणार काय?

२००१ साली एमएस-सीआयटी आली आणि आपल्या वस्त्यांतील हजारो मुलांनी ती केली. चांगलेच केले. पण ती पहिली पायरी आहे. पुढची पायरी म्हणजे सिस्कोची सीसीएनए. या परीक्षेला पदवीची अट नाही, आडनावाचा रकाना पाहून कोणी गुण कापत नाही. अडसर आहेत ते दोन. परीक्षा इंग्रजीत होते आणि शुल्क ३०० डॉलर, म्हणजे २५ हजार रुपयांच्या वर. मजुरी करणाऱ्या बापाने हे पैसे आणायचे कोठून?

त्यामुळे काही मुले आडवाट धरतात. फुटलेल्या प्रश्नांचे संच, ज्यांना 'डम्प' म्हणतात, ते पाठ करतात. बांधवांनो, हा स्वतःशीच द्रोह आहे. मुलाखतीत साहेब विचारतो, "२६ बिटांचा मास्क लावला तर किती यंत्रे जोडता येतील?" ६४ पत्ते, त्यातले पहिला आणि शेवटचा सोडून ६२, हे ज्याने कागदावर मांडून पाहिले आहे त्यालाच सांगता येते. पाठांतरवाला तेथे गप्प होतो. खासगी कंपनीत आरक्षण नाही. पण आपला एक पोरगा गप्प झाला की टोमणा मात्र साऱ्या समाजाला बसतो.

खऱ्या अभ्यासाला महागडा क्लास लागत नाही. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचेच सॉफ्टवेअर नोंदणी करून मोफत मिळते. त्यात राउटर आणि स्विच विकत न घेता जोडता येतात. परीक्षा १२० मिनिटांची. एकदा पुढे गेले की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही, म्हणून वेळ लावून सराव हवा. सर्वांत जास्त, २५ टक्के, भार आयपी जोडणी आणि राउटिंगवर आहे. तेथून पक्के व्हावे. इंग्रजी शब्दांची वही ठेवावी आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ मराठीत एकमेकांना समजावून सांगावा. जे समजावता आले तेच समजले.

हे एकट्यादुकट्याचे काम नाही. १४ एप्रिलला आपण अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो. तो अभ्यास वर्षातून एकच दिवस का? पेण आणि रोह्याच्या बुद्धविहारांत रोज संध्याकाळी दोन तास दिवा लागू द्या. दोन जुने संगणक आणि एक इंटरनेट जोडणी एवढ्यावर सुरुवात होते. जयंतीच्या डीजेवर जाणारा पैसा वाचवून दरवर्षी दोन-तीन मुलांचे शुल्क मंडळाने भरावे. नोकरी लागली की त्यांनी पुढच्या मुलांचे भरावे. आणि सरकारकडे ठणकावून मागावे की, स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणासारखा या परीक्षांच्या शुल्कालाही समाजकल्याणाच्या निधीत वाटा हवा.

याच रायगड जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली पाण्यावरचा पहारा मोडला. ज्ञानावर आज दिसणारा पहारा नाही. पैशाचा आणि भाषेचा आहे. तोही मोडलाच पाहिजे. निरोप वाहणाऱ्यांच्या नातवंडांनी आता निरोपाच्या वाटा आखाव्यात. जय भीम!