हिमबिबट्या पाहायला पर्यटक ऐन थंडीत लडाखला का जातात?

लडाख म्हटलं की उन्हाळ्यातली बाईक ट्रिप आठवते. पण लेहजवळच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्यासाठी गर्दी होते ती जानेवारी ते मार्चमध्ये, पारा उणे २० पर्यंत उतरतो तेव्हा. उंचावर बर्फ साचला की भरल, म्हणजे जंगली निळ्या मेंढ्या, चाऱ्यासाठी खाली येतात. त्यांच्यामागे बिबट्याही. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये.

गावकऱ्यांसाठी मात्र तो शत्रूच होता. गोठ्यात शिरला की एका रात्रीत कितीतरी शेळ्या-मेंढ्या मारतो. २००० नंतर रुंबकसारख्या गावांत होमस्टे सुरू झाले, गोठ्यांवर जाळ्या बसल्या आणि जिवंत बिबट्यामुळे घरात पैसा येऊ लागला. त्यामुळे मुक्काम कुठे करता हा प्रश्न साधा नाही. सगळा पैसा लेहच्या एजंटकडेच राहिला, तर मेंढ्या गमावणाऱ्याने बिबट्याला का सोसावं?

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर दोन दिवस तरी नुसता आराम हवा. आणि आठवडाभर दुर्बीण लावून बसलं तरी बिबट्या दिसेलच असं नाही. तशी हमी देणाऱ्या पॅकेजपासून लांबच राहिलेलं बरं.