आधी अदमास, मग बटण

फर्स्ट इयरची पहिली युनिट टेस्ट, विषय मेकॅनिक्स. १०० न्यूटनचं बल, आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन, उभा घटक काढा. नवाकोरा सायंटिफिक कॅल्क्युलेटर काढला, बटणं दाबली आणि आलेलं उत्तर इमानदारीत लिहून टाकलं : उणे ९८.८! कॅल्क्युलेटर रेडियनवर होता. साइन ३० म्हणजे अर्धा, उत्तर ५०, हे दहावीत झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. पण हातात यंत्र आलं आणि डोकं सुट्टीवर गेलं.

रूमवर येऊन सांगितलं तर रूममेट हसलाच नाही. त्याचंही तेच झालं होतं. मी शिरूर तालुक्यातला, तो दौंडचा, मध्ये भीमा नदी. दोघंही मराठी माध्यमाचे. बारावीपर्यंत वर्गात कॅल्क्युलेटर कधी पाहिला नाही, कारण बोर्डात तो चालतच नाही. बारावीच्या फिजिक्सला लॉग टेबल चालतं, पण कॅल्क्युलेटर नाही. जेईई आणि सीईटीतही नाही. आणि इंजिनीअरिंगला आलो की पहिल्याच दिवशी सर विचारतात, "कॅल्क्युलेटर कुठाय?" तो वापरायचा कसा, हे मधल्या मध्ये कुणी शिकवलंच नाही.

शाळेतले सर म्हणायचे, कॅल्क्युलेटर दिला की पोरं पाढे विसरतील. मित्रांनो, त्यांचं चूक नाही. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. समजा, उसाची ट्रॉली १८.४ टन भरली आणि भाव ३,००० रुपये टन. मी बटणं दाबेपर्यंत ते म्हणणार, "पंचावन्न हजाराच्या आसपास." बरोबर उत्तर ५५,२००. माझ्याकडून पॉइंट चुकून ५,५२० आले, तर मी तेवढेच घेऊन घरी येईन. आजोबा काट्यावरच भांडतील!

म्हणजे पाढे पाहिजेतच. पण बंदीमुळे दुसरं एक नुकसान होतं, तिकडे कुणी बघत नाही. दहावीच्या त्रिकोणमितीतली गणितं आठवा. मनोरा असो, झाड असो, नाहीतर दीपस्तंभ असो, कोन कायम ३०, ४५ नाहीतर ६०. शेवटी वर्गमूळ ३ बरोबर १.७३ दिलेलंच असतं. आकडे हाताने सुटावेत म्हणून सगळी दुनिया तीन कोनांत बसवलेली. गावातली पाण्याची टाकी मात्र असं काही ऐकत नाही. कोनमापकाला दोरा आणि दगड बांधून २० मीटरवरून बघा, कोन ३७ निघेल. कॅल्क्युलेटर असेल तर टॅन ३७ म्हणजे ०.७५, गुणिले २० म्हणजे १५ मीटर, त्यात डोळ्यापर्यंतची उंची दीड मीटर. झाली टाकी मोजून! नववी-दहावीच्या पोरांनी हे एकदा केलं, तर त्रिकोणमिती कशासाठी असते हे वेगळं सांगावं लागणार नाही. आणि तेव्हाच कुणाचा तरी कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल, टाकी उणे १७ मीटर येईल, सगळा वर्ग हसेल आणि धडा जन्मभर लक्षात राहील. तो धडा मला इथे मार्क घालवून मिळाला.

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा होते. तिथे गणिताचे तीन पेपर असतात. पहिला कॅल्क्युलेटरशिवाय, पुढचे दोन कॅल्क्युलेटरसह. दोन्ही गोष्टी यायला पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडेही सातवीपर्यंत नुसतं हात आणि डोकं, आठवीपासून आठवड्यातला एक तास कॅल्क्युलेटरचा, असं करायला काय हरकत आहे? प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही. प्रयोगशाळेत व्हर्नियर असतात तसे शाळेत दहा-पंधरा ठेवले तरी पुरे. नियम एकच : आधी अदमास वहीत लिहायचा, मग बटण दाबायचं. दोन्हींत फार अंतर पडलं तर चूक शोधायची.

बोर्ड बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्यापुरतं एक करता येईल. दिवाळीत गावी जाल तेव्हा बॅगेतला कॅल्क्युलेटर नववीतल्या भावाबहिणीच्या हातात द्या आणि टाकीपाशी घेऊन जा. मोबाइल त्यांच्या हातात आधीच आहे, त्याच्यावर ती बटणं दाबतातच. आलेल्या उत्तराला "खरं का रे?" असं विचारायचं मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आणि हो, द्यायच्या आधी तो डिग्रीवर आहे ना, तेवढं बघा!