परीक्षेला नाही ना? मग सोड!

शनिवार सकाळ. आल्याचा चहा, अंगात भरपूर आळस, आणि न्यू जर्सीहून मावशीचा फोन. "तू इंजिनिअर ना? मग तूच समजाव हिला!"

हिला म्हणजे माझ्या मावसबहिणीला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढे मेडिकलला जायचंय. अमेरिकेत बारावी झाली की थेट मेडिकल असं नसतं. आधी डिग्री, आणि त्यात बऱ्याच मेडिकल कॉलेजांना वर्षभराचं फिजिक्स लागतं, लॅबसकट. ते दोन प्रकारचं मिळतं: अल्जिब्रावालं आणि कॅल्क्युलसवालं. बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. बहिणीला कॅल्क्युलसवालं घ्यायचंय. आणि घरादाराचं एकच म्हणणं, वेड लागलंय का?

आता मावशीची बाजू आधी मांडतो, कारण ती चूक नाहीये. एमकॅटमध्ये फिजिक्स असतं ते केमिस्ट्रीबरोबरच्या एका सेक्शनमध्ये. 59 प्रश्न, 95 मिनिटं, त्यात फिजिक्स साधारण पाव हिस्सा. कॅल्क्युलस विचारत नाहीत. कॅल्क्युलेटरसुद्धा देत नाहीत! वर अर्ज करताना सायन्स आणि मॅथ्सचा जीपीए वेगळा काढतात, आणि त्यात अवघड कोर्सचा 'बी' हा नुसता 'बी'च. अवघड होता म्हणून कोणी अर्धा मार्क वाढवून देत नाही. मग सोप्पा कोर्स घ्या, 'ए' काढा, पुढे चला. हिशोब चोख.

पण या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलीये, की अल्जिब्रावालं सोप्पं असतं. कोणासाठी? या पोरीने शाळेतच कॅल्क्युलस केलंय, तेही आवडीने. वेग आणि अंतराची जी समीकरणं बाकीचे पाठ करणार, ती तिला दोन ओळींत काढता येतात. तिला आता सांगायचं, की येतंय ते विसर आणि फॉर्म्युले घोक? ही कसली सोय?

आणि ते पुढे उपयोगी पडत नाही हेही मला पटत नाही. प्वाझय या फ्रेंच डॉक्टरचा नियम घ्या. प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे दाब तोच ठेवून त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा नाही, सोळावा हिस्सा! रक्तवाहिनी काही सरळसोट पाइप नसते, मान्य. तरी थोडंसं अरुंद होणं एवढं महागात का पडतं, ते यातून कळतं. आता हा चौथा घात पाठ करता येतो. किंवा भिंतीपाशी जवळपास थांबलेला आणि मध्ये सुसाट जाणारा असे पातळ थर डोळ्यासमोर आणून त्यांची बेरीज करता येते. या बेरजेलाच इंटिग्रेशन म्हणतात. पाठ केलेलं परीक्षेनंतर उडून जातं. हे मी अनुभवाने सांगतोय, अख्खं एम-3 मी आदल्या रात्री झेरॉक्सवरून पास झालोय. आज त्यातलं एक अक्षर विचारू नका :)

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? "मेडिकलला जायचंय ना? मग मॅथ्स सोड!" दहावीनंतर घरोघरी हाच सल्ला. आणि मग अकरावीच्या फिजिक्समध्ये सुरुवातीलाच डेरिव्हेटिव्ह येऊन उभा राहतो. नीटच्या 180 पैकी 45 प्रश्न फिजिक्सचे, आणि पीसीबीवाली पोरं त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. ज्या पायावर उभं राहायचं तोच कापायचा, आणि वर म्हणायचं की आमच्या पोराला फिजिक्स जमत नाही!

याचा अर्थ सगळ्यांनी कॅल्क्युलसवालंच घ्यावं असं मुळीच नाही. ज्याने कॅल्क्युलस केलेलंच नाही, किंवा ज्याच्या त्याच सेमिस्टरला ऑर्गॅनिक केमिस्ट्री मानगुटीवर बसलीये, त्याने खुशाल अल्जिब्रावालं घ्यावं. त्यात कमीपणा नाही. माझं भांडण कोर्सशी नाहीच. माझं भांडण "परीक्षेला येत नाही ना? मग सोड" या वाक्याशी आहे. पेशंट काही सिलॅबस बघून आजारी पडत नाही.

मावशीला एवढंच म्हणालो, तिला ठरवू दे. मावशीने फोन बहिणीकडे दिला. ती हळूच म्हणाली, "दादा, पण 'ए' नाही आला तर?"

खोटं कशाला बोलू? म्हटलं, "तर त्रास होईल. पण घेऊ नकोस असं मी सांगणार नाही."

असो. चहा गार झाला तो झालाच.