आधी नाव, मग अस्थी

जुन्या युद्धांत बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या अस्थींची ओळख पटवणारे विज्ञान वर्ण पाहत नाही, साम्राज्य पाहत नाही, असे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. हे समाधान आम्हांला मान्य नाही.

फ्रान्समधील फ्रोमेल येथे जुलै 1916 मध्ये पडलेल्या सैनिकांची सामूहिक दफने 2009 मध्ये उकरण्यात आली. सापडलेल्या 250 मृतदेहांपैकी दीडशेहून अधिक ऑस्ट्रेलियन सैनिकांना पुढे त्यांची नावे परत मिळाली. डीएनए जुळवायला नातलग लागतो आणि नातलग शोधायला नाव लागते. ऑस्ट्रेलियाने आपल्या बेपत्तांची नावे जपली होती, म्हणून हे साधले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातील कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. तीत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. त्या मोहिमेतील बेपत्तांसाठी 1929 मध्ये बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले गेले, हिंदी अधिकाऱ्याचेही. साधा हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली निव्वळ आकडा म्हणून उरला. अशा विषम वागणुकीची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या अहवालाने दिली ती थेट 2021 मध्ये.

हिंदूंचे दहन होते, त्यांना थडगे कशाला, असा युक्तिवाद यावर केला जातो. थडगे नको असेल. पण भिंतीवरची एक ओळ नाकारायला कोणत्या धर्मशास्त्राचा आधार आहे?

या अनास्थेचे फळ 2016 मध्ये फ्रान्समध्येच दिसले. गढवाली सैनिकांचे अवशेष सापडले, खांद्यावरील '39' या अंकावरून पलटण कळली, माणूस कळला नाही. 2017 मध्ये त्यांचे दफन झाले ते निनावीच.

सारा दोष साहेबाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत, येथून इतके पुरुष महायुद्धास गेले व त्यांपैकी इतके कामी आले, असे सांगणाऱ्या शिळा आहेत. त्यांवरही आकडेच. पगाराच्या याद्या, निवृत्तिवेतनाची दप्तरे, घराघरांतली जुनी पदके व कागद यांतून ती नावे गोळा करून जाहीर करणे हे काम आपले आहे आणि त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. ते झाले नाही, तर उद्या इराकच्या वाळूत एखादे हाड सापडेलही. ते कोणाच्या रक्ताशी ताडून पाहायचे, हे सांगणारा कोणी नसेल.