माणसाचा भाव कोण ठरवतो?



कापसाला भाव मिळावा म्हणून आपण रस्त्यावर बसलो, रेल्वे अडवली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेलो. क्विंटलमागे किती रुपये तोटा येतो हे आपल्या पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. एका मालाचा हिशेब मात्र आपण कधी मांडत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास हा माल आपल्याच गावातून भरून जातो. त्याचा भाव मुकादमाच्या ओसरीवर ठरतो, पैसे आगाऊ मिळतात आणि माल स्वतःच्या पायाने ट्रकमध्ये चढतो. हा माल म्हणजे माणूस.

उचल घेऊन कामाला जाणारा प्रत्येक जण विकला गेला, असे आम्ही म्हणत नाही. कोरडवाहू रानात ज्वारी हातची गेली, पऱ्हाटीला बोंडे धरली नाहीत, तर पोट घेऊन कुठेतरी जावेच लागते. पोटासाठी गाव सोडणे हा गुन्हा नाही, लाज तर मुळीच नाही. पण उचल फिटेपर्यंत तिथून निघता येत नाही, किती काम झाले आणि किती पैसे वळते झाले हे कोणी सांगत नाही, आजारपणात खाडा पडला तर त्याचाही दंड लागतो, आणि हंगाम संपल्यावर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर चढते, तेव्हा त्याला मजुरी म्हणता येत नाही. ती वेठबिगारी झाली. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी या दोन्ही गोष्टींना एकाच वाक्यात बंदी घातली आहे. घटना लिहिणारांना या दोहोंचे नाते पक्के ठाऊक होते. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात आणखी स्पष्ट केले, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच. भूक हीसुद्धा सक्तीच आहे, असा त्या निकालाचा अर्थ.

ऊसतोडीला बीड, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून माणसे जातात. नवराबायकोच्या जोडीला तिथे एक 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव मिळाले आणि आपल्याला त्यात काही खटकेनासे झाले. जोडी असेल तरच पूर्ण उचल मिळते, म्हणून पोरीचे लग्न वयाआधी उरकले जाते. कामाला खाडा पडू नये म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे आकडे बाहेर आले तेव्हा चार दिवस गलबला झाला, मग पुढचा हंगाम सुरू झाला.

हे उसाचे झाले, आपण तर कापूसवाले, असे कोणी म्हणेल. तर आपल्या बियाण्याच्या पाकिटाचाही हिशेब पाहू. संकरित कापसाचे बियाणे तयार करताना एकेका फुलातले पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग हातानेच लावावे लागतात. हे काम लहान बोटांनी स्वस्तात होते. २००० नंतरच्या दशकात राजस्थानातील डुंगरपूर, उदयपूर भागातली आदिवासी मुले उत्तर गुजरातेतील बीजोत्पादनाच्या शेतांवर गाड्या भरभरून नेली जात होती. आंध्रात हेच काम शाळा सुटलेल्या मुलींकडून करून घेतले जात होते. ती पाकिटे फोडून आपण सरकी टोबली. संकरित वाण वाईट, असा याचा अर्थ नाही. आपण तंत्रज्ञानाच्या बाजूचे आहोत आणि राहू. पण बियाणे कंपनीने बीजोत्पादक शेतकऱ्याला दिलेला भाव इतका पडका होता, की त्याला मोठ्या माणसाची मजुरी परवडत नव्हती. लुटीची साखळी वरून खाली येते आणि शेवटची कडी एखाद्या दहा वर्षांच्या पोराच्या पायात पडते.

या बाजाराची नवी रूपेही आली आहेत. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात उघडकीला आले, की कातकरी कुटुंबांतली लहान मुले एखादी मेंढी आणि थोडेसे पैसे यांच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिली गेली होती. त्यांतली एक दहा वर्षांची पोर जिवाला मुकली. शिकलेल्या पोरांसाठी सापळा वेगळा असतो. परदेशात संगणकाची नोकरी म्हणून तरुणांना नेतात, पारपत्र काढून घेतात आणि कोंडून ठेवून त्यांच्याकडून लोकांना फोनवर फसवण्याचे काम करून घेतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना सरकारने विमानांनी परत आणले. शेती परवडत नाही आणि नोकरी लागत नाही, अशा घरातला मुलगा आपल्या प्रत्येक गावात आहे. त्याच्याकडे ही जाहिरात आज ना उद्या पोचणारच.

आता मुद्द्याचा प्रश्न. माणसे पळवणारा कसा दिसतो? गावाच्या डोळ्यांपुढे एक चित्र असते : अनोळखी माणूस, परकी भाषा, झोळी किंवा मोटार. या चित्राने काय केले ते धुळे जिल्ह्याला विचारा. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारले. ते होते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत पोट भरणारे. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवेने दोन साधू आणि त्यांचा गाडीवान यांचा बळी घेतला. दोन्ही ठिकाणी मारणारे लोक आपल्यासारखेच कष्टकरी होते. पोरांच्या काळजीनेच ते धावले आणि निरपराधांचे खून करून बसले.

खरा दलाल बहुतेक वेळा असा अनोळखी नसतोच. तो गावातला असतो, भावकीतला असतो, सोयरीक जमवणारा असतो. 'पोरीला चांगले स्थळ आहे, हुंडा नको, उलट लग्नाचा खर्च मुलाकडचे करतील' असे तो सांगतो, आणि पोर परमुलखात कुठल्या घरी गेली याचा पत्ता बापालाही सांगता येत नाही. संमती घेतली होती, ही त्याची ढाल असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे १४३ वे कलम सांगते, की फसवून, धाकाने किंवा लालूच दाखवून शोषणासाठी माणूस नेला असेल तर त्याच्या संमतीला काही किंमत नाही. या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे.

म्हणून आम्ही शांतीच्या शिक्षणाची गोष्ट काढतो. हा शब्द ऐकून काही कार्यकर्ते हसतील. शांती म्हणजे प्रार्थना आणि पांढरी कबुतरे, असे आपल्याला शाळेत शिकवले. विनोबांनी १९५७ साली शांतिसेना उभी केली, तीही आपल्या पिढीला फक्त नावाने माहीत. पण कोरडवाहू गावाला लागणारे शांतीचे शिक्षण साधे आहे. अफवा आली तर हात उचलण्याआधी विचारपूस करणे, आणि ओळखीचा माणूस पोरे घेऊन निघाला तर गप्प न बसता विचारपूस करणे. आज आपण नेमके उलटे करतो. परक्यावर तुटून पडतो आणि आपल्यातल्या दलालाला चहा पाजतो. भांडण नाही म्हणून गाव शांत आहे, असे मानू नका. ज्या गावातून माणूस बांधून नेला जातो आणि कोणी ब्र काढत नाही, त्या गावात शांतता नाही, दहशत आहे.

हेच शिक्षण बाहेरून येणारांच्या बाबतीतही लागते. घरदार सोडून पळावे लागलेल्यांना या मुलखाने याआधी जागा दिली आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे हजारो पोलिश बायकामुले राहून गेली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात शेती करतात. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. या लोकांमुळे आपली भाकरी कमी झाली नाही. भाकरी कमी केली ती पडलेल्या भावांनी. निर्वासित जिवाच्या भीतीने येतो आणि ऊसतोड्या उपासमारीने जातो, हा फरक आहे. पण परमुलखात दोघांच्याही बाजूने बोलणारे कोणी नसते. दलाल हेरतो तो अशाच माणसाला. कापूस वेचायला मध्य प्रदेशातून येणाऱ्या टोळ्या आपल्या बांधावर उतरतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीने परमुलूख म्हणजे आपण असतो. त्यांचे माप बरोबर होते का, त्यांच्या लेकरांना रात्री निवारा असतो का, हेही विचारायला हवे. दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या चळवळीने स्वतःचा बांध आधी स्वच्छ ठेवावा.

आता आक्षेप घेऊ. 'रास्त भाव मिळाला की सगळे आपोआप सुटेल, मग या फाट्यावर कशाला जायचे?' भावाचा प्रश्न मुळाशी आहे हे आम्हाला मान्यच आहे. शेती तोट्याची नसती तर उचल घ्यायला कोणी गेले नसते. मुकादमही मोठ्या थैलीचा मालक नसतो. तो कारखान्याकडून उचल घेतो आणि टोळी पळाली की स्वतःचे रान विकतो. पण भाव मिळेपर्यंत वाट पाहा, असे बांधून पडलेल्या बाईला सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी चळवळीने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. भाव मिळाल्यावर बायकोच्या नावे जमीन करू, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या सातबाऱ्यावर लक्ष्मीचे नाव लावले. जे आपल्या हातात होते ते आपण केले. इथेही हातात असलेले काम पुष्कळ आहे.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने बिगारीचे कर्ज रद्दच केले आहे, ते फेडण्याची जबाबदारी मजुरावर नाही. वाद झाला तर ते कर्ज बिगारीचे नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर आहे. कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती हवी, आणि तीत अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी आणि सामाजिक कार्यकर्ते हवेत. २०१६ च्या केंद्रीय योजनेत सुटलेल्या मजुराला प्रकरणाप्रमाणे १ ते ३ लाख रुपयांची पुनर्वसनाची मदत ठरली, पण ती आरोपीच्या शिक्षेशी बांधली गेली. कोर्टाच्या तारखा संपेपर्यंत माणूस जगणार कसा, हे योजना लिहिणाराने पाहिले नाही.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही पाच गोष्टी ठेवतो.

एक, प्रत्येक शाखेने आपल्या गावातून हंगामाला जाणाऱ्या कुटुंबांची वही ठेवावी : कोण गेले, कोणाबरोबर, कुठे, किती उचल घेऊन, सोबत किती मुले. परत आल्यावर हिशेब ताडून पाहावा.

दोन, परगावची सोयरीक जमली तर गावातल्या चार बायकांनी मुलाचे घर पाहून यावे. पोरीकडे माहेरचा फोन नंबर पाठ असावा.

तीन, अफवा आली तर पोलीस पाटील आणि शाखाप्रमुख यांनी समोर उभे राहून जमाव थोपवावा आणि ११२ वर कळवावे. मुलांच्या बाबतीत १०९८ हा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवावा.

चार, जिल्ह्याची दक्षता समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा.

पाच, आपल्या शेतावर वेचणीला येणाऱ्या टोळीला वजन दाखवून, रोख आणि वेळेवर मजुरी द्यावी. त्यांच्या मुलांच्या हातून काम घेऊ नये.

यांतल्या कोणत्याही गोष्टीला सरकारी मंजुरी लागत नाही, अनुदान लागत नाही. लागते ती एक वही आणि विचारण्याची हिंमत. कापसाचा भाव दिल्ली-मुंबईत ठरतो, तो बदलायला आपल्याला आणखी लढावे लागेल. माणसाचा भाव मात्र आपल्याच ओसरीवर ठरतो. तो सौदा मोडण्याचे काम या हंगामाची पहिली गाडी भरण्याआधी सुरू झाले पाहिजे.