काजळ का पसरतं?

मुलांनो, तुमच्या शाळेत गॅदरिंगचे वारे वाहू लागले असतील, हो ना? आमच्या हाटकेशला तर दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच वर्गावर्गातून ढोलकी वाजायला लागते. मग रोज कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन विचारतं, "बाई, मेकअप कोण करणार?" (अर्धी मुलं मला बाई म्हणतात, अर्धी टीचर. मीरा रोडला दोन्ही चालतं.)

कोण करणार? बाईच करणार! डी.एड.ला आम्हाला पाठ घ्यायला शिकवलं, तक्ते करायला शिकवलं. पण तासाभरात बावीस मुलींचे डोळे रंगवायचे कसे, हे कुणी शिकवलं नाही. ते मी चुकत चुकत शिकले. त्यातली एक चूक आज तुम्हाला सांगणार आहे. आईबाबांनाही वाचायला द्या बरं का.

२०२४चा जानेवारी. माझ्या चौथीच्या मुलींचं कोळीनृत्य होतं. दुपारी तीन वाजता मी त्यांच्या पापण्यांवर निळी आयशॅडो फासली आणि डोळ्यांत भरपूर काजळ घातलं. म्हटलं, जाड लावलं की टिकेल! प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. (प्रमुख पाहुणे वेळेवर आलेले मी अजून पाहिलेले नाहीत.) मैदानात ऊन, खाडीकडून येणारी दमट हवा आणि अंगावर भरजरी कपडे. मुली स्टेजवर गेल्या तोवर निळा रंग पापणीच्या घडीत गोळा होऊन त्याची एक जाड रेघ झाली होती आणि काजळ गालावर उतरलं होतं. फोटो बघून एक जण म्हणाली, "टीचर, आम्ही कोळणी आहोत की पांडा?"

असं का झालं, ते तुम्हीच करून बघा. थोड्या तुपात चिमूटभर कुंकू कालवा. एका हाताच्या कोपराच्या आतल्या घडीवर त्याचा जाड थर लावा. दुसऱ्या हातावर अगदी पातळ बोट फिरवा आणि वर पावडर टिपा. आता दोन्ही हात वीस वेळा दुमडा आणि उघडा. जाड थर घडीत जाऊन बसेल, पातळ थर बराचसा जागेवर राहील. पापणीचं अगदी असंच असतं. आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, म्हणजे तीन तासांत तीन हजारांच्या आसपास! शिवाय पापणीची त्वचा अंगावरच्या सगळ्या त्वचेत पातळ. तिच्यावर घाम येतो, तेलही सुटतं. त्यात आपण सकाळी डोक्याला चापून तेल लावलेलं असतं, तेही कपाळावरून खाली येतं.

आणि घरच्या काजळात काय असतं? एरंडेलाच्या नाहीतर तुपाच्या दिव्याची काजळी आणि ती कालवायला पुन्हा तूप. तूप तर अंगाच्या उबेनंच पातळ होतं. मधमाशांचं मेण वितळायला मात्र ६२ अंशांच्या वर उष्णता लागते. म्हणून मेण घातलेली पेन्सिल डबीतल्या काजळापेक्षा जास्त टिकते. वॉटरप्रूफ म्हणतात त्यातलं पातळ द्रव्य लावल्यावर उडून जातं आणि मागे पाण्याला दाद न देणारा पापुद्रा उरतो. तेलाला मात्र तो दाद देतो. म्हणून रात्री काढताना कापसावर खोबरेल घेऊन डोळे मिटून पुसायचं, मग तोंड धुवायचं. तसंच झोपायचं नाही हं.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गॅदरिंग झालं शनिवारी आणि पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या पाच मुलींचे डोळे आले. लाल, सुजलेले, सकाळी चिकटून बसणारे. एकीची आई शाळेत आली. भांडायला नाही, शांतपणे विचारायला. "बाई, काजळ कुणाचं होतं?"

काजळ एकच होतं. एकच डबी, माझं एकच बोट आणि बावीस मुलींचे डोळे. आधीच्याच पावसाळ्यात, २०२३ साली, महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती. तेव्हा "दुसऱ्याचा रुमाल वापरू नका" असं फळ्यावर लिहिणारी मीच! त्या आईला मी खरं ते सांगितलं आणि माफी मागितली. साथ काजळातूनच गेली, असं काही मी शपथेवर सांगू शकत नाही. पण गेली नसेल, असंही म्हणता येत नाही ना.

तेव्हापासून काजळाच्या डबीकडे मी जरा संशयानेच बघते. जत्रेत सुरम्याच्या पुड्या मिळतात, त्यांच्यावर ना नाव, ना पत्ता. काही सुरम्यांत शिसं असतं आणि शिसं मुलांच्या मेंदूला थोडंसुद्धा चालत नाही. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत शिशाचे रंग घालायला कायद्याने बंदी आहे, पण बिननावाच्या पुडीला कोण विचारणार? जपानमध्ये १८८७ साली सम्राटापुढे काबुकी नाटक चाललं होतं. नाकामुरा फुकुसुके या नटाचे पाय भूमिका करताना थरथरू लागले. कारण निघालं ते रोज चेहऱ्याला फासायच्या पांढऱ्या रंगातलं शिसं! पुढे तिथे बिनशिशाचा रंग तयार झाला.

आज्ज्यांनो, रागावू नका, पण तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत बोट घालून काजळ नकोच. डॉक्टरही नको म्हणतात. हौस असेल तर तीट तळपायाला लावा.

यंदा मी पालकांना चिठ्ठी पाठवली आहे. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी केस धुवा, त्या दिवशी तेल आणि क्रीम नको. प्रत्येकीने आपली पेन्सिल आणायची, झाकणावर नाव घालून. गेल्या वर्षीची उरलेली नको. नसेल त्यांच्यासाठी माझ्याकडे कापसाच्या काड्या आहेत. एक काडी एकदाच बुडवायची आणि टाकून द्यायची. पापणी आधी कोरडी करायची, मग रंगाचा पातळ हात, डोळे मिटून त्यावर चिमूटभर पावडर, मग दुसरा पातळ हात. काजळाची रेघ पापणीच्या केसांच्या बाहेरून, आतल्या ओल्या कडेवर नाही. तिथे ते अश्रूंनी वाहतंच आणि तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडंही बुजतात. घाम आला तर चोळायचं नाही, रुमाल नुसता टेकवायचा. रुमाल अर्थात आपापला!

पोवाड्यातल्या मावळ्यांनी मात्र काल संप केला. "बाई, आम्ही मुलगे काजळ घालणार नाही!" म्हटलं, ठीक आहे, पण शेवटच्या रांगेला तुमचे डोळे दिसणार नाहीत. आज सकाळी टेबलावर सात पेन्सिली होत्या, सातही झाकणांवर नावं.