घराचं नाव

गेल्या उन्हाळ्यात मामांसोबत स्पेनमधल्या नवारा प्रांतातलं बास्तान खोरं पाहिलं. एलिसोंदो धरून पंधरा गावं, उतारांवर कुरणं, पांढऱ्या भिंतींची नि तांबूस दगडी कोपऱ्यांची घरं. पूर्वी खाली गोठा असायचा, वर माणसं. फोटो काढलेच, पण मनात राहिली ती एक रीत. तिथं जुन्या घराला नाव असतं. आपली कितीतरी आडनावं गावावरून आली, त्यांची घरावरून! गोंयच्या सायबाचंच बघा ना. संत फ्रान्सिस झेवियर १५०६ साली नवारातच जन्मले. आईचं अस्पिलकुएता घराणं मूळ याच खोऱ्यातलं. आणि 'झेवियर' हे नाव मूळ बास्क भाषेतलं, अर्थ 'नवं घर'.

हे ऐकलं नि आमचं डिचोलीचं घर आठवलं. ते विकायचं चाललंय. "सांभाळणार कोण?" हा बाबांचा प्रश्न खोटा नाही, तिथलीही मुलं शहरात जातातच. पण काहींनी जुन्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात. घर वापरात आहे, म्हणून उभं आहे. आम्ही मात्र कुलूप लावून माया दाखवतो, मग वाळवी लागली की गिऱ्हाईक शोधतो. माझं म्हणणं एवढंच, की विकण्याआधी एकदा ते उघडून तर बघूया. येत्या चवथीला बाबांशी हेच बोलणार आहे.